लघुव्हिडीओ आणि आपला प्रेक्षकवर्ग : एक अभ्यास



आज आपल्या वस्तीतील कोणत्याही घरात डोकावले, तर मोबाईलच्या पडद्यावर अंगठा खालून वर सरकवीत बसलेला निदान एक तरी माणूस दिसतो. अर्ध्या-एक मिनिटाचा व्हिडीओ संपतो, अंगठा सरकतो, दुसरा सुरू होतो. काही वडीलधारी मंडळी याला वेळेचा निव्वळ अपव्यय मानतात. उलट काही तरुणांना वाटते की, आपला एक व्हिडीओ 'व्हायरल' झाला की आयुष्याचे सोने झाले. आमच्या मते ही दोन्ही मते अपुरी आहेत. या माध्यमात वेळ वाया जातो हे खरे. परंतु ज्याच्या पाठीशी पैसा नाही, ओळख नाही, शिफारस नाही, अशा माणसाचे म्हणणेही येथे हजारो अनोळखी लोकांपर्यंत पोहोचू शकते, हेही तितकेच खरे आहे.

आमच्या अभ्यासिकेतील पाच जणांनी गेली काही वर्षे शिष्यवृत्तीचे अर्ज आणि दाखले यांविषयी लहान व्हिडीओ तयार केले. त्यात आम्हाला थोडे यश आले आणि आमच्या हातून दोन मोठ्या चुकाही घडल्या. त्या अनुभवाच्या आधारे, जाहिरातीवर पैसा खर्च न करता लघुव्हिडीओचा प्रेक्षकवर्ग कसा वाढतो, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

१. थोडी पूर्वपीठिका

भारतात लघुव्हिडीओचे वेड घरोघरी नेले ते टिकटॉक या चिनी कंपनीच्या ॲपने. खेड्यापाड्यांतील शेतमजूर, गृहिणी, शाळकरी मुले अशा सर्वांनी त्यावर आपली कला दाखविली. २९ जून २०२० रोजी भारत सरकारने टिकटॉकसह ५९ चिनी ॲप्सवर बंदी घातली आणि ज्यांनी कष्टाने लाखो प्रेक्षक मिळविले होते, त्यांचा तो सारा गोतावळा एका दिवसात तुटला. जुलै २०२० मध्ये इन्स्टाग्रामने भारतात 'रील्स' आणले. त्यानंतर सप्टेंबर २०२० मध्ये यूट्यूबने 'शॉर्ट्स'ची चाचणी भारतातूनच सुरू केली. आरंभी शॉर्ट्सची मर्यादा एका मिनिटाच्या आत होती. १५ ऑक्टोबर २०२४ पासून ती तीन मिनिटे झाली.

या इतिहासातून पहिला बोध असा की, माध्यमाची जागा आपल्या मालकीची नसते. ज्याला टिकायचे आहे त्याने आपले मूळ व्हिडीओ स्वतःजवळ जपून ठेवावेत आणि एकाच ॲपवर विसंबून राहू नये.

२. व्हिडीओ प्रेक्षकापर्यंत पोहोचतो कसा?

पूर्वी नाटक पाहावयाचे तर माणूस तिकीट काढून थिएटरात जात असे. येथे तसे नाही. येथे प्रेक्षक काही शोधावयास आलेला नसतो. पुढे काय दाखवायचे ते संगणकाचा हिशेब ठरवितो. यालाच 'अल्गोरिदम' म्हणतात. त्यात गूढ असे काही नाही. हा माणूस कोणते व्हिडीओ शेवटपर्यंत पाहतो, कोणते मध्येच सोडतो, कोणते दुसऱ्याला पाठवितो, याची नोंद ठेवून त्याला पुढे काय आवडेल याचा अंदाज बांधणे, एवढेच ते काम आहे.

टिकटॉकने जून २०२० मध्ये आपली पद्धत जाहीर केली, तेव्हा दोन गोष्टी स्पष्ट केल्या होत्या. एक, व्हिडीओ शेवटपर्यंत पाहिला जाणे ही पसंतीची भक्कम खूण मानली जाते. दुसरी, खात्याला किती फॉलोअर आहेत किंवा त्याचे आधीचे व्हिडीओ किती गाजले, हे थेट विचारात घेतले जात नाही. इन्स्टाग्रामचे प्रमुख ॲडम मोसेरी यांनी जानेवारी २०२५ मध्ये तीन महत्त्वाचे निकष सांगितले : लोक किती वेळ पाहतात, पाहणाऱ्यांपैकी किती जण पसंती नोंदवितात आणि किती जण तो व्हिडीओ दुसऱ्याला पाठवितात. त्यातही अनोळखी माणसांपर्यंत पोहोचावयाचे असेल, तर 'दुसऱ्याला पाठविणे' याचे वजन अधिक असते.

विद्यार्थ्यांनी येथे एक फरक ध्यानात घ्यावा. ३१ मार्च २०२५ पासून यूट्यूबने शॉर्ट्सच्या 'व्ह्यूज' मोजण्याची रीत बदलली. व्हिडीओ सुरू झाला की एक व्ह्यू धरला जातो, मग पाहणारा दुसऱ्याच क्षणी पुढे सरकला तरी चालते. खरोखर थांबून पाहणाऱ्यांचा आकडा वेगळा ठेवला जातो आणि उत्पन्नाच्या पात्रतेसाठी तोच धरतात. म्हणजे व्हिडीओखाली दिसणारा मोठा आकडा हा दारावरून गेलेल्या माणसांचा आकडा आहे. घरात येऊन बसलेल्यांचा आकडा निराळा असतो आणि आपल्याला कामाचा तोच आहे.

३. एक उदाहरण : खाबी लामे

हा विषय समजण्यासाठी खाबी लामे या तरुणाचे उदाहरण अभ्यासण्यासारखे आहे. त्याचा जन्म २००० साली आफ्रिकेतील सेनेगल देशात झाला. तो तान्हा असतानाच त्याचे कुटुंब पोटापाण्यासाठी इटलीत आले आणि तुरीन शहराजवळच्या किवासो या गावी सरकारी वसाहतीत राहू लागले. मोठेपणी खाबी एका कारखान्यात यंत्रावर काम करीत होता. मार्च २०२० मध्ये कोरोनाच्या काळात त्याची नोकरी गेली. घरी बसलेल्या खाबीने टिकटॉकवर व्हिडीओ टाकावयास सुरुवात केली.

त्याचे पहिले व्हिडीओ कोणी फारसे पाहिले नाहीत. त्यांत तो नाचत असे, इटालियन भाषेत बोलत असे. म्हणजे इतर हजारो मुले करीत होती तेच. पुढे त्याला एक गोष्ट सापडली. त्या काळी सोपे काम उगाच अवघड करून दाखविणाऱ्या 'युक्त्यां'च्या व्हिडीओंचे पीक आले होते. खाबी असा एक व्हिडीओ घेई, त्याला जोडून तेच काम साध्या रीतीने करून दाखवी आणि मग दोन्ही तळहात पुढे करून, 'एवढेच तर आहे!' अशा नजरेने पाही. तोंडातून एक अक्षरही नाही. शब्द नसल्यामुळे भाषेची भिंत उरली नाही. जून २०२२ मध्ये चार्ली डिमेलिओ या अमेरिकन तरुणीला मागे टाकून तो टिकटॉकवर सर्वाधिक फॉलोअर असलेला माणूस झाला. त्यापूर्वी त्याच्याजवळ इटलीचे नागरिकत्वही नव्हते. ते त्याला २०२२ सालीच मिळाले.

या उदाहरणावरून प्रत्येकाने खाबी होण्याचे स्वप्न पाहावे, असे आम्हाला मुळीच सुचवायचे नाही. लाखांत एखाद्याचेच तसे होते. परंतु त्याच्या पद्धतीतून तीन गोष्टी शिकता येतात. त्याने सुरुवातीच्या अपयशानंतर काम थांबविले नाही, पण तेच ते करीतही राहिला नाही. त्यात बदल केला. त्याने लोकांच्या मनात आधीच असलेली एक भावना ओळखली. आणि ती दाखविण्यासाठी त्याला एकच सोपी रीत सापडली, जी पाहताच माणूस ओळखे की हा व्हिडीओ खाबीचा.

४. आमची पहिली चूक : विकतची गर्दी

आम्ही चॅनेल सुरू केले तेव्हा पहिले तीन महिने पन्नास-साठ माणसांपलीकडे कोणी पाहीना. आमच्यातील एकाने एका अनोळखी दलालाचा पत्ता काढला. बाराशे रुपयांत तीन हजार सबस्क्राईबर मिळतील, असे त्याने सांगितले. सांगावयास लाज वाटते, परंतु आम्ही ते बाराशे रुपये वाचनालयाच्या वर्गणीतून घेतले. 'आकडा मोठा दिसला की खरी माणसे आपोआप येतील', अशी आम्ही आमची समजूत घातली.

दोन दिवसांत तीन हजारांचा आकडा झळकला. पुढचा व्हिडीओ टाकला, तेव्हा तो चाळीस जणांनीही पाहिला नाही. कारण उघड होते. ती खाती माणसांची नव्हतीच. पाहणार कोण आणि पाठविणार कोण? काही आठवड्यांत ती खाती गळून पडली आणि आकडा जवळपास होता तेथे आला. बाराशे रुपये आम्ही पाच जणांनी खिशातून भरून वर्गणीत परत जमा केले आणि सभेत ही गोष्ट सांगितली.

नंतर वाचन केले तेव्हा कळले की हा मार्ग निरुपयोगी आहे, तसाच नियमबाह्यही आहे. खोटे सबस्क्राईबर व खोटे व्ह्यूज विकत घेणे यूट्यूबच्या नियमांविरुद्ध आहे आणि त्यासाठी चॅनेल बंद होऊ शकते. जुलै २०२० मध्ये मुंबई पोलिसांच्या गुन्हे शाखेने खोटे फॉलोअर विकणाऱ्या टोळीचा तपास केला होता. अमेरिकेत २०२४ साली असे खोटे आकडे विकण्यास आणि व्यवसायासाठी जाणूनबुजून विकत घेण्यास मनाई करणारा नियम झाला. रीतसर जाहिरात देणे ही वेगळी बाब आहे, ती वैध आहे. पण जाहिरातीनेही माणूस दारापर्यंतच येतो. बसतो तो आतील मजकुरामुळेच.

५. आमची दुसरी चूक : जुना व्हिडीओ

ही चूक पहिलीपेक्षा गंभीर आहे. आमचा एक व्हिडीओ बराच पाहिला गेला होता. शिष्यवृत्तीच्या अर्जाला कोणती कागदपत्रे लागतात आणि शेवटची तारीख कोणती, हे त्यात सांगितले होते. पुढच्या वर्षी आमचे नवे व्हिडीओ चालेनात, तेव्हा आम्ही तोच व्हिडीओ पुन्हा चढविला. आकडे वाढले. सर्वांना आनंद झाला. तारीख मात्र मागील वर्षाची होती, हे कोणी तपासले नाही.

महिन्याभराने त्या व्हिडीओखाली एका विद्यार्थ्याने लिहिले, "दादा, तुम्ही सांगितलेल्या तारखेवर मी थांबलो. आता अर्ज घेत नाहीत." आम्ही त्याला फोन केला, त्याच्याबरोबर महाविद्यालयात गेलो, विनंती केली. उपयोग झाला नाही. त्या वर्षीची शिष्यवृत्ती त्याला मिळाली नाही. त्याचे वडील बांधकामावर मजुरी करतात. ते आम्हाला एक शब्दही रागाने बोलले नाहीत. त्यामुळे आम्हाला अधिकच अपराधी वाटले.

तोवर आम्ही प्रेक्षक म्हणजे आकडा समजत होतो. त्या आकड्यातील प्रत्येक एकक म्हणजे आपल्या शब्दावर विसंबलेला एक माणूस आहे, हे आम्हाला त्या दिवशी कळले. आम्ही तो व्हिडीओ काढून टाकला, चूक कबूल करणारा नवा व्हिडीओ केला आणि एक नियम ठरविला : तारीख व्हिडीओत बोलायची नाही, अधिकृत संकेतस्थळावर पाहण्यास सांगायचे, आणि प्रत्येक व्हिडीओत शैक्षणिक वर्ष लिहावयाचे.

६. कामाची पद्धत

या अनुभवानंतर आम्ही जी पद्धत अवलंबिली ती येथे क्रमाने देत आहोत.

(अ) एक माणूस डोळ्यांसमोर ठेवावा. 'सर्वांसाठी' केलेला व्हिडीओ कोणासाठीच नसतो. अकरावीत गेलेली, घरात अर्ज भरणारे कोणी नसलेली मुलगी आम्ही डोळ्यांसमोर ठेवली. तिला काय अडते, एवढाच प्रश्न विचारला.

(आ) पहिले वाक्य कामाचे असावे. 'नमस्कार मित्रांनो, आमच्या चॅनेलवर आपले स्वागत आहे' असे म्हणेपर्यंत प्रेक्षक पुढे गेलेला असतो. त्याऐवजी 'तुमचा उत्पन्नाचा दाखला मागच्या वर्षाचा आहे का?' असे विचारले, तर ज्याला गरज आहे तो थांबतो. ज्याला गरज नाही तो जातो, आणि त्याने जाण्यात आपले नुकसान नाही.

(इ) एका व्हिडीओत एकच मुद्दा घ्यावा. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, गुणपत्रिका, आधारशी जोडलेले बँक खाते यांचे चार व्हिडीओ करावेत. तीन मिनिटांची मुभा आहे म्हणून तीन मिनिटे भरण्याचे कारण नाही.

(ई) आवाज स्वच्छ असावा. महागड्या साधनांची गरज नाही. खिडकीकडे तोंड करून उभे राहावे, म्हणजे उजेड चेहऱ्यावर येतो. पंखा बंद करावा. मोबाईल उभा धरावा. बोललेले शब्द मोठ्या अक्षरांत पडद्यावर द्यावेत. कमी ऐकू येणाऱ्यांना आणि बसमध्ये बसलेल्यांनाही ते समजते.

(उ) आपलीच भाषा बोलावी. वर्तमानपत्री मराठीचा आव आणू नये. आमच्यातील एक ताई घरात बोलते तशीच बोलते आणि तिचेच व्हिडीओ लोक सर्वात अधिक शेवटपर्यंत पाहतात.

(ऊ) नियम पेलवेल एवढाच करावा. रोज एक व्हिडीओ टाकण्याचा संकल्प पंधरा दिवसांत मोडतो. आम्ही आठवड्यातून दोन ठरविले. दोन्ही रविवारी सकाळी तयार करतो. परीक्षेच्या महिन्यात काम बंद ठेवतो आणि तसे आधी सांगतो.

(ए) व्हिडीओखालील प्रश्न वाचावेत. तेथे विचारलेला प्रश्न हाच पुढचा विषय. ज्याने विचारले त्याला उत्तर मिळाले की तो परत येतो आणि मित्राला पाठवितो. आमची खरी वाढ येथून सुरू झाली.

(ऐ) आकडे वाचावयास शिकावे. किती जण थांबले आणि किती जण पुढे सरकले, हे यूट्यूब व्हिडीओ टाकणाऱ्याला दाखविते. प्रेक्षक कोणत्या सेकंदाला गेले, याचाही आलेख मिळतो. आमच्या आलेखात लोक नेहमी आमच्या मंडळाचे नाव सांगताना जात, असे दिसले. आम्ही नाव शेवटी नेले.

(ओ) दुसऱ्याचे उचलू नये. इन्स्टाग्रामने २०२४ मध्ये जाहीर केले की दुसऱ्याचे व्हिडीओ जसेच्या तसे टाकणाऱ्या खात्यांची शिफारस कमी करून मूळ कर्त्याला पुढे आणले जाईल. नियम नसता तरी हे योग्यच होते.

७. पैशाचा प्रश्न

'यातून पैसे मिळतात का?' असे विद्यार्थी विचारतात. मिळू शकतात, परंतु वाट लांब आहे. शॉर्ट्सवरील जाहिरातींच्या उत्पन्नात वाटा देण्याची योजना यूट्यूबने फेब्रुवारी २०२३ पासून सुरू केली. त्यासाठी एक हजार सबस्क्राईबर आणि ९० दिवसांत शॉर्ट्सचे एक कोटी व्ह्यूज, किंवा बारा महिन्यांत मोठ्या व्हिडीओंचे चार हजार तास पाहिले जाणे, अशी अट ठेवली. अठरा वर्षांखालील मुलाला त्यासाठी पालकांचे खाते जोडावे लागते. कोणी वस्तू वा पैसे देऊन प्रशंसा करावयास सांगितली, तर ती जाहिरात आहे असे स्पष्ट सांगणे बंधनकारक आहे. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी २०२३ मध्ये याबाबत मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत.

आमच्या चॅनेलला अद्याप एक रुपयाही मिळालेला नाही. शिक्षण सोडून याच्या मागे लागावे, असे आम्ही कोणालाही सांगणार नाही. परंतु विषय समजून घेणे, थोडक्यात मांडणे, कॅमेऱ्यापुढे न घाबरता बोलणे, ही कौशल्ये मुलाखतीपासून सभेपर्यंत सर्वत्र उपयोगी पडतात. ती आमच्या पाचही जणांना मिळाली.

८. समारोप

मागील वर्षी अभ्यासिकेत एक माउली मुलीला घेऊन आल्या. हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत क्रमाने लावलेले कागद. त्या म्हणाल्या, "दादा, तुमच्या व्हिडीओत सांगितलं तसे सगळे कागद आणलेत. एकदा बघून घ्या." आम्ही तपासले. एकही कागद कमी नव्हता. त्या व्हिडीओला फार व्ह्यूज नव्हते; त्यांच्या बहिणीने तो त्यांना पाठविला होता.

थोडक्यात सांगावयाचे तर, लघुव्हिडीओचा प्रेक्षकवर्ग असाच वाढतो : एकाला उपयोग झाला, त्याने दुसऱ्याला पाठविले. संगणकाचा हिशेबही शेवटी याच गोष्टीचा माग काढीत असतो. म्हणून किती जणांनी पाहिले याआधी, ज्याने पाहिले त्याचे काम झाले का, हे विचारावे. ज्यांना हे कार्य करावयाचे असेल त्यांनी रविवारी सकाळी अभ्यासिकेत अवश्य यावे. मोबाईल आपला आणावा; बाकी सारे आम्ही शिकवू.

अभ्यासासाठी प्रश्न

१. 'व्ह्यू' आणि 'थांबून पाहणे' यांत फरक काय? उदाहरण देऊन सांगा.
२. खाबी लामे याने आपल्या पहिल्या व्हिडीओंमध्ये कोणता बदल केला व तो का उपयोगी ठरला?
३. विकत घेतलेल्या फॉलोअरांमुळे व्हिडीओ अधिक लोकांपर्यंत का पोहोचत नाही?
४. आपल्या घरातील एका व्यक्तीची एक अडचण निवडा व तिच्यासाठी चाळीस सेकंदांत सांगता येईल असे उत्तर लिहून काढा. पहिले वाक्य तीन निरनिराळ्या रीतींनी लिहा.